बाईच्या घरचा फुल्ल लाइट

मूल आणि सिंदेवाही या दोन गावांच्या मधल्या एका खेड्यात माझी बदली झाली तेव्हा तिथं वीज येऊन सहा-सात वर्षं उलटली होती, पण ती अजून प्रवासानं थकलेलीच होती. आमच्या घरातला बल्ब लागला आहे की नाही हे पाहायला काडी ओढावी लागे. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. ती सांगेल, एक नाही, दोन काड्या. पावसाळ्यात पाखरं मोठ्या आशेनं बल्बाकडे येत, दोन घिरट्या घालत आणि शेजारच्या कंदिलाकडे निघून जात. मी त्या उजेडात शाळेच्या वह्या तपासल्या आहेत. त्या दोन-तीन वर्षांत जी पोरं पास झाली, त्यातली काही उजेडाच्या कृपेनं पास झाली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गावाच्या टोकाला एक राइस मिल होती. धानाचा हंगाम सुरू झाला की तिची मोटर सकाळी दहाला आणि जेवणानंतर दोनला लागे, ती रात्रीपर्यंत चाले. मोटर लागली की अख्ख्या गावाचे बल्ब एकदम मान टाकत, दोन-तीन श्वास तसेच राहत आणि पुन्हा हळूहळू थोडे वर येत. त्या वेळी प्रत्येक घरातून कुणी ना कुणी म्हणेच, "मिल लागली." यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. मोटर सुरू होताना एकदम खूप वीज ओढते आणि तेवढ्यापुरती बाकीच्यांची ताटं रिकामी होतात. आम्ही त्यावर घड्याळं लावत होतो. पुढे पुढे हा शब्द विजेच्या बाहेरही गेला. ग्रामसभेत सरपंच भाषण विसरले, "मिल लागली." बायकोनं डोळे वटारले आणि नवरा गप्प झाला, "मिल लागली." शाळेत मी फळ्यासमोर खडू घेऊन जरा थांबलो, की मागच्या बाकावरून हळू आवाजात तेच.

लाइटच्या बाकीच्या खोड्याही हळूहळू समजल्या. एकच बल्ब मिचमिचत असेल आणि घरातले बाकीचे शांत असतील, तर तो होल्डरमध्ये सैल बसलेला असतो. बायको झाडूच्या दांड्यानं त्याला एक टिचकी देई आणि तो सुधारे. बटण दाबताना चर्र आवाज आला तर बटणाच्या आतली पितळी पट्टी जळत आलेली असते. ते बटण बदलायचं, त्याला फुंकर मारत बसायचं नाही. संध्याकाळी साऱ्या गावाचा लाइट एकदम खाली गेला तर ओलिताच्या मोटरी सुरू झाल्या म्हणायचं. वानरांची टोळी तारांवरून गेली की लाइट लपलप करे. एका हुप्प्यानं तर आमच्या खांबावर बसून शेपटीनं तार अशी काही हलवली, की मला वाटलं तो पुढच्या गावाला तार करतो आहे. हे सगळं ज्ञान मी शाळेत शिकवत असे. सायन्सचा गुरुजी म्हणून माझा गावात मान होता आणि त्या मानाला धक्का लागेल असा एकही प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

आमच्या कुंपणापलीकडे एक बाई राहत. नवरा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. दोन एकर धान बाई एकटीनं करत. सातवीपर्यंत शिकलेल्या, विहारात बायका जमल्या की पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे. आवाज असा की आमच्या कुंपणावरचे कारल्याचे वेल त्यांच्या बाजूनं कधी वाढलेच नाहीत.

पंचायत समितीच्या एका योजनेतून बाईंना कोंबडीची पिल्लं मिळाली होती. अंड्यातून निघून एक-दोन दिवस झालेली, पिवळ्या कापसाच्या बोंडासारखी. आई नसलेल्या पिल्लांना ऊब द्यावी लागते. त्यासाठी बांबूच्या तट्ट्याचं गोल कुंपण, खाली धानाचा कोंडा पसरलेला, आणि वर उलट्या टांगलेल्या टिनाच्या घमेल्यात दोन बल्ब. सरकारी माणसानं हे सगळं समजावून सांगितलं. गाव हसलं. "कोंबडी नाई, काई नाई, अन् बल्ब पिल्लं पोसन म्हणते!" पहिल्या खेपेला गावाचं म्हणणं खरं ठरलं. ऐन थंडी, आणि बल्ब आमच्या बल्बासारखेच मेल्या डोळ्यांचे. पिल्लं बल्बाखाली एकमेकांच्या अंगावर चढून बसत, खालची गुदमरत. पंधरा दिवसांत सगळी गेली. दुसरी खेप आली शंभर पिल्लांची, आणि सोबत निरोप आला, की तिसरी मिळणार नाही.

बाईंनी कमरेला पदर खोचला. "अवंदा एकबी मरू देणार नाई," त्यांनी कुंपणावरून माझ्या बायकोला सांगितलं. दुसऱ्या खेपेतलं पहिलं पिल्लू थंडीनं गेलं त्या सकाळी बाई ते रुमालात बांधून एस.टी.नं बिजली ऑफिसात गेल्या आणि साहेबाच्या टेबलावर, तक्रारीच्या वहीवर, ठेवून आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "म्या म्हटलं, लाइट द्या, नाई तं रोज एक आणून ठेवतो."

आठ दिवसांच्या आत त्यांच्या घरचा लाइट वाढला.

नुसता वाढला म्हणणं कमी होईल. संध्याकाळी त्यांच्या दाराच्या फटीतून उजेडाच्या पट्ट्या अंगणात पडल्या आणि माझ्या बायकोनं त्यात तांदूळ निवडले. आमच्या अंगणात बसून. लोक बघायला आले. "फुल्ल लाइट आला बाईच्या घरी!" एक म्हातारा आत जाऊन स्वतःच्या हातावरच्या रेषा बघून बाहेर आला, म्हणाला, इतकं आयुष्य लिहिलेलं आपल्याला ठाऊकच नव्हतं. बाई उंबऱ्यावर उभ्या राहून सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होत्या: रुमाल, पिल्लू, साहेब, टेबल. तट्ट्याच्या आत पिल्लं मोकळी फिरत होती, दाणे टिपत होती. मलाही बरं वाटलं. थोडं पोटात दुखलं, कारण आमच्या घरचा बल्ब होता त्याहूनही लाजाळू झाला होता. पण ते मी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत कळली. आमच्याकडे एक विजेची शेगडी होती, मातीच्या ताटलीत तारेची कॉइल असलेली. आमच्या विजेवर ती तापायची म्हणजे कॉइल पान खाल्लेल्या ओठाइतकी लाल व्हायची, त्यापुढे नाही. चहाचं आधण सकाळी ठेवलं तर सासरे दुपारी आले तरी चाले. बायकोनं शेगडी लावली आणि कुंपणापलीकडून आरोळी आली.

"ओ मास्तरीणबाई! काय केलं तुमी आत्ता?"

"शेगडी लावली जी, चहाले."

"बंद करा बरं."

बायकोनं बंद केली.

"आता लावा."

लावली.

"बापा! तुमची शेगडी लागली का माह्या घरचा बल्ब वाढते!"

मी स्वतः जाऊन पाहिलं. खरंच. आमची शेगडी लागली की बाईंचे दोन्ही बल्ब टवटवीत होत आणि आमचा बल्ब मेणबत्तीला सलाम करी. लोक माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी सायन्सचा गुरुजी. मी घसा साफ केला आणि सांगितलं, की हे धानाच्या बांध्यांसारखं, भाताच्या खाचरांसारखं आहे. वरच्या बांधीत पाणी जास्त झालं की ते मधली मातीची पाळू फोडून खालच्या बांधीत उतरतं. आमची शेगडी पाळू फोडते, आमचं पाणी बाईंच्या बांधीत जातं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, इतकं चांगलं उदाहरण चुकीचं कसं असेल?

मग बाईंनी विनंती केली, आणि त्या विनंती करत तेव्हा नाही म्हणायची सोय नसे. "गुरुजी, दिवस बुडाला का तुमची शेगडी लावून ठेवत जा जी. माह्या पिल्लायले ऊब भेटते." आम्ही तीन संध्याकाळ ती लावून ठेवली. रिकामी. शेजारधर्म म्हणून वीज जाळणारा त्या तालुक्यातला मी पहिलाच असेन.

चौथ्या दिवशी सकाळपासून वारा होता. वारा आला की आमचा बल्ब खाली जाई आणि बाईंचा वर. वारा थांबला की दोन्ही जागेवर. मी वह्या तपासत होतो. न बघताच म्हणालो, "मिल लागली."

बायको तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "अजी, आज मिल बंद हाये. सुट्टीचा दिवस."

"मग मोटरी असतील."

"मोटरीनं साऱ्या गावचा कमी होते. इथी आपला कमी होऊन राह्यला अन् त्यायचा वाढून राह्यला. हे कोन्ती मोटर हाये?"

मी बांधीचं उदाहरण पुन्हा सांगितलं. तिनं सूप पुन्हा हलवलं आणि म्हणाली, "बांधीतलं पानी वाऱ्यानं नाई फुटत."

मी वही उलटली.

संध्याकाळी शेगडी लावली. पाच-दहा मिनिटांत कुंपणापलीकडून एक वास आला. जुन्या कंगव्याला काडी लावली तर येतो तसा. आमच्या शाळेत एकदा स्विचबोर्ड जळाला होता तेव्हा हाच वास आला होता. मी चपला न घालता गेलो.

बल्ब पांढरे झाले होते. आजवर मी पिवळेच पाहिले होते. त्यांच्याकडे पाहिलं की डोळ्यांत हिरवे ठिपके राहत. होल्डरच्या कडा तपकिरी पडल्या होत्या आणि भिंतीवरचा लाकडी बोर्ड गुणगुणत होता, डब्यात माशी कोंडल्यासारखा. हात लावला तर भाकरीइतका गरम. पण मला खरं भय वाटलं ते पिल्लांचं. शंभरातलं एकही पिल्लू बल्बाखाली नव्हतं. सगळी तट्ट्याला चिकटून, पंख लोंबवून, चोची उघड्या टाकून उभी होती. थंडीत बल्बाला चिकटणारी पिल्लं बल्बापासून पळत होती. बिजली ऑफिसच्या मीटरला जे कळलं नसतं ते त्या पिल्लांनी काट्यासारखं फिरून दाखवलं होतं.

"बाई, लाइट बंद करा."

"काऊन?"

"पिल्लं पाहा. बोर्ड तापला. आग लागन."

बाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गुरुजी, तुमी वाघानं तुमच्या सायकलची हवा सोडली म्हणून सांगतलं होतं. अन् आता हे. तुमच्या घरी नाई आला लाइट, म्हणून पोट दुखून राह्यलं का?"

वाघाची गोष्ट मी सांगितली होती, आणि ती बरीचशी खरी होती. पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

"बंद केला तं थंडीनं मरन सारी," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "मांगच्या बारीले मेली तशी. तिसरी बारी नाई भेटत जी मले."

त्यांचं चुकत नव्हतं. लाइट ठेवला तर आग, काढला तर थंडी, आणि मधे शंभरेक पिल्लं. मी कुंपणाकडे तोंड करून ओरडलो, "शेगडी बंद कर!" बायको शेगडीकडे पोचली असेल-नसेल, एवढ्यात डावा बल्ब फट्ट करून फुटला. तापलेली काच खाली कोंड्यात पडली. कोंडा एकदम पेटत नाही, तो आधी धुमसतो. काळा डाग पसरत जातो आणि कडेला लाल रेघ चालते. बाई तट्ट्यावरून उडी मारून आत गेल्या. मी पुष्कळ उड्या पाहिल्या आहेत, पण नऊवारीत, हातात पाण्याची गुंडी, आणि एकाही पिल्लावर पाय न पडता, ही एकच. पाणी ओतलं, ओला कोंडा हातानं ओढून बाहेर काढला, तळहाताला दोन फोड आले. मग स्वतःच्या हातानं खटका खाली केला. अंधारात पिल्लांचा चिवचिवाट तेवढा राहिला.

"इस्तो आणा," बाई म्हणाल्या. "घरात जेवढा असन तेवढा."

आमच्या चुलीतले आणि आणखी दोन घरचे निखारे जमले. बायकोनं ते मडक्यांत भरले, वर राख टाकली, मडक्यांना बाहेरून पोतं गुंडाळलं आणि चार मडकी तट्ट्याच्या आत ठेवली. मी बसून पिल्लं पाहत राहिलो. आधी ती दूर थांबली. मग एक आलं, मग दहा, मग सगळी मडक्यांभोवती सारखी पसरून बसली. ना अंगावर अंग, ना भिंतीला पळ. बाईंनी तेव्हा हाताला तेल लावलं.

सकाळी मी सायकल काढून लाइनमनभाऊला घेऊन आलो. वाटेत त्याला सगळं सांगितलं, शेगडीचं तर विशेष कौतुकानं. तो आपल्या सायकलला ब्रेक लावून उतरला.

"तुमची शेगडी लावली का बाईचा बल्ब वाढे?"

"हो."

"अन् तुमी काय केलं?"

"रोज लावून ठेवली."

"शाळेत काय शिकवता जी तुमी?"

"सायन्स."

तो पुन्हा सायकलवर बसला. मग म्हणाला, "माहा पोरगा तुमच्याच शाळेत हाये."

खांबावर चढून त्यानं वरून हाक मारली आणि तार हातमोज्यानं हलवून दाखवली. परतीची तार जिथं जोडली होती, तिथलं वेटोळं काळं पडलं होतं, निम्मं खाल्लेलं, वाऱ्यानं हलणारं. खाली उतरून त्यानं मातीवर काडीनं रेघा ओढून समजावलं. गावात विजेच्या वेगवेगळ्या तारा येतात. आमच्या ओळीची सहा घरं एकीवर, बाईंचं घर दुसरीवर. परत जाणारी तार मात्र सगळ्यांची एकच. ती सुटली की वीज परत जायला वाट शोधते आणि एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात शिरते. ज्याच्याकडे ओढ जास्त, त्याचा लाइट मरतो. ज्याच्याकडे कमी, त्याच्या डोक्यावर दोघांचा जोर बसतो. आम्ही शेगडी लावून ओढ वाढवत होतो आणि जोर बाईंच्या बल्बांवर ढकलत होतो. इतर दिवशी मिलमुळे लाइनच अशक्त, म्हणून तो जोर नुसता फुल्ल दिसला. सुट्टीच्या दिवशी मिल बंद, लाइन ताकदीची, आणि बल्ब फुटला.

"मले एक सांगा," तो म्हणाला, "साऱ्या गावात कोनाचाच लाइट वाढला नाई, अन् एकाच घरचा वाढला, तं तुमाले शंका नाई आली?"

"आमाले वाटलं साहेबानं आयकलं."

"साहेब!" लाइनमन हसला नाही, नुसता नाकातून वारा काढला. "कमी झालेल्या लाइटले भिऊ नोका गुरुजी. फालतू वाढला, एकाचा कमी अन् दुसऱ्याचा जास्त झाला, बोर्ड तापला, जळका वास आला, तं पयले खटका खाली, मंग मले बोलवा. अन् तवापर्यंत शेगडीले हात लावू नोका."

त्यानं तार कापून नवी गाठ मारली, पकडीनं आवळली आणि खटका वर केला. बाईंच्या घरातला उरलेला बल्ब लागला. पिवळा, मंद, अर्धवट झोपेतला. आमच्यासारखाच.

बाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी बल्बाकडे पाहिलं, लाइनमनकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"नेला लाइट?"

मी त्यांना सगळं नीट सांगितलं. या वेळी बांध्या नाहीत, वाघ नाही, नुसत्या मातीवरच्या रेघा. त्यांनी ऐकून घेतलं. फोड आलेला हात पदरात धरला होता.

"समजलं," त्या म्हणाल्या. "पन माह्या पिल्लायची थंडी तं गेली नाई ना जी?"

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बायकोशी बोलत, मडकी दोघी मिळून भरत. पाचव्या दिवशी एक कोरा कागद घेऊन आल्या. अर्ज लिहायचा होता. त्या सांगत गेल्या: माझ्या घरी चार दिवस फुल्ल लाइट होता, तो परत घेण्यात आला, तरी तोच परत द्यावा. मी मान हलवत लिहीत गेलो आणि लिहिलं मात्र वेगळंच: आमच्या ओळीची परतीची तार जुनी आणि जीर्ण आहे, ती पूर्ण बदलून द्यावी, बाईंच्या घरचा जळालेला बोर्ड तपासावा. हे आपण फार हुशारीनं केलं असं मला वाटलं. बाई सातवी शिकलेल्या आहेत, पेपर वाचून दाखवतात, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून गेलं होतं.

त्यांनी कागद हातात घेतला आणि साऱ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून वाचला. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं.

"हे माह्या तोंडचं नाई."

"नाई," मी म्हणालो.

"पन बरोबर हाये." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, जळलेल्या तळव्यावर जड जाऊ नये म्हणून बोटांच्या टोकांनी धरलं आणि माझ्या ओळींखाली आपल्या अक्षरात लिहिलं: तार नवीन द्या, आणि लाइट पण द्या, सर्व गावाले सारखा. खाली पूर्ण सही केली आणि दुपारच्या एस.टी.नं स्वतः नेऊन दिला.

पावसाळ्याआधी तार बदलली. लाइट सारखाच राहिला, म्हणजे सगळ्यांचा सारखाच कमी. बाईंची ब्याण्णव पिल्लं मोठी झाली, सगळी मडक्यांच्या उबेवर. पुढच्या वर्षी सरकारी माणूस दुसऱ्या गावातल्या बायकांना घेऊन आला, तेव्हा बाईंनी त्यांना आधी मडकी दाखवली आणि बल्ब सगळ्यात शेवटी.